समाधानाची खानेसुमारी

राष्ट्राची लोकसंख्या, धान्याचे उत्पन्न आणि साऱ्याची वसुली यांचे आकडे सरकारी दप्तरांत पिढ्यानपिढ्या नोंदले जात आले. पण प्रजेच्या मनाला समाधान किती आणि ते कशावर अवलंबून असते, याची सालवार नोंद ठेवण्याचा उद्योग त्या मानाने अलीकडचा होय. या बाबतीत जर्मनीचे उदाहरण मला विशेष मननीय वाटते. १९८४ साली पश्चिम जर्मनीत सुमारे ६,००० कुटुंबे निवडून त्यांतील १२,००० प्रौढांची पाहणी सुरू झाली. दरसाल त्याच माणसांकडे जायचे, नोकरी, मिळकत, प्रकृती, विवाह यांची तपशीलवार चौकशी करायची, आणि सर्व जाबजबाब आटोपल्यावर विचारायचे की, एकंदरीत पाहता आपण सध्या आपल्या आयुष्याविषयी कितपत समाधानी आहात? उत्तर शून्य ते दहा यांपैकी एका आकड्यात द्यायचे.

एकाचे ‘सात’ आणि दुसऱ्याचे ‘सात’ सारखे कशावरून, ही शंका रास्त आहे. परंतु येथे माणसाचा आकडा त्याच्याच गतसालच्या आकड्याशी ताडून पाहता येतो, त्यामुळे स्वभावतः आनंदी आणि स्वभावतः खिन्न या भेदाचा अडसर पुष्कळसा दूर होतो.

अशा ताळ्यातून जे हाती आले ते विलक्षण आहे. विवाहाच्या सुमारास चढलेला आकडा काही वर्षांत बहुधा पूर्वपदावर येतो. वैधव्याने कोसळलेले मनही, मुदत अधिक लागली तरी, पुष्कळ अंशी सावरते. पैशाला महत्त्व नाही असे मात्र कोणी समजू नये: एकीकरणानंतरच्या दशकात पूर्व जर्मनीतील लोकांचे समाधान जे वाढले, त्यातील ३५ ते ४० टक्के वाढ घरगुती उत्पन्न वाढल्यामुळे झाली, असे संशोधकांना आढळले.

बेकारीचा घाव मात्र, विशेषतः पुरुषांच्या बाबतीत, वर्षे लोटली तरी भरून येत नाही. लिलियाना आणि राइनर विंकेलमान यांनी १९९८ साली याच दप्तराच्या आधारे दाखवून दिले की, बुडालेल्या पगारामुळे होणारे दुःख वेगळे काढले, तरी उरणारे दुःख त्याहून कितीतरी मोठे असते. बेकाराच्या हातावर भत्ता ठेवला की सरकारचे कर्तव्य संपले, असे मानणारी अर्थनीती मला म्हणूनच अपुरी वाटते. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावची कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथे जे पाहिले, ते १९३३ साली प्रसिद्ध झाले: वेळ मुबलक असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले होते, आणि पुरुष रस्त्याने संथपणे, थांबत थांबत चालत होते.

जर्मन पाहणीतील आणखी एक निष्कर्ष या सर्वांवर प्रकाश टाकतो. दीर्घकाळ बेकार असलेला इसम वयोमानाने निवृत्तिवेतनाच्या यादीत दाखल झाला की त्याचे समाधान लक्षणीय वाढते. वस्तुतः कामाविना जाणारा त्याचा दिवस बदललेला नसतो आणि मिळकतीतील फरकानेही या वाढीचा उलगडा होत नाही. बदललेली असते ती केवळ समाजातील त्याची पायरी. काम का करीत नाही, असे आता त्याला कोणी विचारीत नाही आणि तोही स्वतःला विचारीत नाही. नोकरीत असतानाच निवृत्त झालेल्यांच्या आकड्यांत मात्र असा बदल जवळजवळ दिसत नाही.