पिकअप विकून एसयूव्ही घ्यावी का?



हंगामाचा पैसा हाती आला की घरात विषय निघतो : पिकअप देऊन टाकू आणि पाहुण्यांसारखी मोठी गाडी घेऊ. हौसेला नावे ठेवू नयेत, पण आधी वही उघडा. गेल्या वर्षभरात पिकअप मालासाठी किती दिवस निघाली आणि माणसांसाठी किती दिवस, हे दोन रकान्यांत मांडा.

टोमॅटोचे २० किलोचे ६० क्रेट म्हणजे १,२०० किलो माल. एवढा माल एसयूव्हीत मावणार नाही. पिकअप गेली की बाजार समितीच्या दर खेपेला भाडे मोजावे लागेल. ते भाडे आणि नव्या कर्जाचा हप्ता, दोन्ही धरा. करही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी आहे; चार मीटरपर्यंत लांबीच्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के.

मात्र दुसरी बाजूही खरी आहे. पिकअपच्या हौद्यात बायामुलांना बसवून लग्नाला नेणे बेकायदा आहे आणि जिवावरचेही. अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळणे अवघड होते.

व्यापारी बांधावरूनच माल उचलत असेल, तर पिकअप खुशाल विका. नसेल, तर ती ठेवा आणि लग्नकार्याला भाड्याची जीप सांगा. हिशेब मांडताना कारभारणीला शेजारी बसवा. हौद्यात बसण्याची वेळ बहुधा तिच्यावरच येते.