जुने चर्च, नवी गरज

• कोल्हापुरात : मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये आले. १८७० मध्ये काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले.

• चर्च ऑफ नॉर्थ इंडिया : सहा पंथांचे एकत्रीकरण, नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०.

• शब्द : कॅथलिकांचा धर्मग्राम आणि फादर, प्रोटेस्टंटांची मंडळी आणि पाळक.

• वेदी : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) कॅथलिक चर्चमध्ये वेदी भिंतीपासून पुढे आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत. जुन्या इमारतींतला मोठा बदल वेदीचाच.

• डागडुजी की नूतनीकरण : डागडुजीत आहे ते टिकवतात. नूतनीकरणात वापर बदलतो : सभागृह, मुलांच्या वर्गाची खोली, स्वच्छतागृह. चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवाच. सार्वजनिक इमारती सुगम्य असाव्यात, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे.

• चुना : जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या. त्यांवर सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत अडकते, दगड सुटतो. कोल्हापूरच्या पावसात तर नक्कीच.

• नमुना : मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८. जीर्णोद्धाराला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार.