तणनाशकाचा जमाखर्च

वाणिज्य शाखेत आम्ही एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकतो : वहीत न लिहिलेला खर्च हाही खर्चच असतो. शेतातील तणनाशकाला हा नियम लावून पाहावा असे मला वाटते.

आमच्या गुंजी भागात भांगलणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तरी मजुरी परवडत नाही. म्हणून बांधावर व पडीत ग्लायफोसेट मारले जाते. शेतकऱ्याची बेरीज चुकीची नाही. पण ती अपुरी आहे.

हे रसायन पानांतून मुळापर्यंत उतरते आणि वनस्पतीला लागणारी काही अमिनो आम्ले तयार होऊ देत नाही. ही क्रिया मानवी शरीरात होत नाही, म्हणून ते निर्धोक समजले गेले. परंतु २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगकारक' ठरविले. युरोप-अमेरिकेतील नियामक संस्थांना हे मत मान्य झाले नाही. भारत सरकारने मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा आदेश काढला. दुसरे तणनाशक पॅराक्वाट. ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही, फुप्फुसे निकामी होतात.

जमिनीचा खर्च वेगळाच. बांधावरचे गवत मेले की जनावरांची वैरण जाते आणि आमच्याकडच्या धो-धो पावसात बांधाची माती वाहून जाते. औषध पानाला चिकटावे म्हणून त्यात मिसळलेली काही द्रव्ये बेडकांच्या पिल्लांना घातक ठरतात. तेच ते औषध वर्षानुवर्षे मारल्यास त्याला दाद न देणारे तण माजते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती प्रामुख्याने कीटकनाशके होती. पण पाठीवर पंप आणि उघडे अंग हे दृश्य आपल्याकडेही नवे नाही.

गंमत अशी, की मराठीत आपण 'औषध मारतो' आणि कन्नडातही 'औषधि' हाच शब्द चालतो. विषाला दोन्ही भाषांनी औषध केले! डब्यावरील त्रिकोण मात्र खरे बोलतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा विषारीपणाचा उतरता क्रम आहे. हिरवा म्हणजे निर्विष नव्हे.

आपल्यापैकी पुष्कळांना दोन्ही भाषा वाचता येतात. सुटीत गावी गेल्यावर डब्यावरील सूचना घरच्यांना, शेजाऱ्यांना वाचून दाखवाव्यात. हातमोजे व तोंडाला फडके बांधावे, वाऱ्याच्या उलट फवारू नये, रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नये. आणि निदान बांधावर तरी खुरपे, विळा चालवावा. एवढे केले तरी शिक्षणाचे चीज झाले असे म्हणता येईल.