क्लब गेले, गिऱ्हाईक गल्लीत आहे

कर्वेनगरात जर्सी छापणारे, ट्रॉफीवर नावे कोरणारे, बूट दुरुस्त करणारे आपले व्यापारी व कारागीर बंधू फुटबॉलच्या वाढत्या बाजाराकडे आशेने पाहतात. पण ऑर्डर घेण्यापूर्वी जुना हिशेब एकदा तपासावा, असे आम्हास वाटते.

पुण्यात २००७ साली पुणे एफसी निघाला. २०१४ मध्ये बालेवाडीत एफसी पुणे सिटी आला. हृतिक रोशन त्याचा भागीदार होता. भारत एफसी आय-लीगचा एकच मोसम खेळला, डीएसके शिवाजीयन्स दोन. २०१९ मध्ये पुणे सिटीही बंद पडला व त्याची जागा हैदराबादने घेतली. बारा वर्षांत चारही दुकाने उठली!

चीनमध्येही हेच घडले. २०२० चा लीगविजेता जिआंग्सू संघ, मालक सुनिंग कंपनीने हात आखडताच, २०२१ च्या फेब्रुवारीत बंद झाला. याउलट जपानने १९९३ मध्ये दहा क्लबांनिशी जे-लीग सुरू करताना क्लबाच्या नावात कंपनी नव्हे, गाव असावे, असा आग्रह धरला. आज तेथे ६० क्लब आहेत.

मालकाच्या लहरीवर चालणारा क्लब गेला की त्याच्या चिन्हाचा छापील माल रद्दी होतो आणि उधारी बुडते. म्हणून आमचे सांगणे एवढेच : मोठ्या क्लबाचे काम जरूर घ्यावे, पण निम्मी रक्कम आगाऊ घेऊन. रोजची भाकरी मात्र शाळा, कॉलेज व गल्लीतल्या संघांवर ठेवावी. ऑर्डर लहान असते, पण दरवर्षी येते.