मोडीत निघणारी तुरमली

जुना दागिना सराफाकडे मोडीत दिला की आधी त्यातले खडे काढतात. मग सोन्याचं वजन, कस आणि घट यांवर घासाघीस होते. खडे पुडीत बांधून परत मिळतात किंवा पेढीवरच राहतात. हिरा असेल तर गोष्ट निराळी, माणिक-पाचूलाही कोणी भिंग लावून बघेल. टूर्मलीनला, म्हणजे सराफांच्या तुरमलीला, मात्र नवरत्नांत जागाच नाही. हिरवी असली तर ती पाचूचं उपरत्न आणि लाल असली तर माणकाचं. या दुय्यम ओळखीनेच तिचा घात केला, असं माझं मत आहे.

ही मोड ज्यांच्या हातून जाते त्यांत मराठी माणूस मोठा आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पसरले आणि दिल्लीतही आले. सोनं आटवून शुद्ध करण्यात त्यांचा हात धरणारा सापडणं कठीण. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला, पण तुरमलीला तर झाळणीच्या ज्योतीचा एकाएकी बसलेला चटकाही तडा देतो. म्हणून दागिना भट्टीपर्यंत पोचण्याआधीच तिची ओळख पटायला हवी.

दिल्लीतल्या द्वारकेत राहणाऱ्याला ही ओळख पटवून घेणं अवघड नाही. मेट्रोची ब्लू लाइन थेट करोलबागला नेते. तिथल्या बँक स्ट्रीटवर सराफांच्या पेढ्या आहेत आणि पुढचंच स्टेशन झंडेवालान, जिथे रत्नपरीक्षण प्रयोगशाळा आहे. जुनं धुंडाळायचं असेल तर राजीव चौकला गाडी बदलून चांदनी चौक गाठावा आणि दरीबा कलाँमध्ये शिरावं. माझा आग्रह असा की बाजाराआधी प्रयोगशाळेचा रस्ता माहीत असावा, कारण लाल खड्याच्या बाबतीत नुसत्या डोळ्यांनी राजे-महाराजेही फसले आहेत. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने १७७७ मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीला एक भलं मोठं ‘माणिक’ भेट दिलं. ‘सीझरचं माणिक’ म्हणून गाजलेला तो खडा पुढे लाल तुरमली निघाला.

माणिक आणि तुरमली यांत खरं तर मोठं अंतर आहे. माणकाची घनता ४, तुरमलीची जेमतेम ३.०६, त्यामुळे एकाच आकाराचं माणिक सुमारे ३० टक्के जड भरतं. काठिण्य माणकाचं ९, तुरमलीचं ७ ते ७.५. शिवाय तुरमली प्रकाशकिरण दुभंगते. दहापट भिंगातून वरून पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. काचेत तसं कधीच दिसत नाही. पण हे सगळं सुट्या किंवा उघड्या बैठकीतल्या खड्यासाठी. जुन्या जडावात कोंदण मागून बंद असतं आणि खड्याखाली रंगीत डाक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, लावलेला असतो. तिथे वजन कळत नाही, डोळ्यांना दिसतो तो रंगही निम्मा डाकाचा असू शकतो. असा दागिना घाटासाठी आणि कारागिरीसाठी घ्यावा, खड्याची किंमत म्हणून जास्तीचे पैसे मोजू नयेत.

जुनेपणाच्या दाव्यालाही कायद्याची बाजू आहे. शंभर वर्षांहून जुना दागिना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो. त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि दागिना देशाबाहेर नेता येत नाही. ‘दीडशे वर्षांचा आहे, अमेरिकेतल्या लेकीला पाठवा’ म्हणणाऱ्या दुकानदाराला परवाना विचारावा. हॉलमार्क तर सोन्यापुरताच बोलतो. त्यातला एचयूआयडी क्रमांक सोन्याचा कस सांगतो, खड्याबद्दल एक अक्षर नाही, आणि कुंदन, पोलकी, जडाव यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूटच आहे. म्हणून पावतीवर ‘लाल खडा’ एवढं चालवून घेऊ नये. खड्याचं नाव, त्याचं कॅरटमधलं वजन, त्यावर केलेली प्रक्रिया आणि सोन्याचं निव्वळ वजन हे सगळं वेगवेगळं लिहून घ्यावं.

नव्या तुरमलीचा बराच माल आफ्रिका, ब्राझील आणि अफगाणिस्तानातून येतो आणि जयपुरात पैलू पडून बाजारात उतरतो. मँगनीजने गुलाबी, लोह किंवा क्रोमियमने हिरवा असे तिचे रंग. तांब्यामुळे निळी झळाळणारी पराइबा ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात सापडली आणि तिने या रत्नाचा दर्जाच बदलला. कमी भावात ‘पराइबा’ म्हणून निळा खडा पुढे केला, तर तांब्याची खात्री देणाऱ्या अहवालाशिवाय पैसे देऊ नयेत. प्रयोगशाळेत घडवलेली तुरमली दागिन्यांच्या बाजारात व्यापारी प्रमाणावर नाहीच, त्यामुळे ‘कृत्रिम तुरमली’ म्हणून विकली जाते ती बहुतेक काच किंवा कृत्रिम स्पिनेल. लाल तुरमलीत आतल्या रेषा आणि भेगा असायच्याच. मोठा, निर्मळ आणि स्वस्त लाल खडा दिसला की संशय घ्यावा. भेगांत राळ किंवा तेल भरलेलं आहे का, हेही आवर्जून विचारावं.

तुरमलीची अंगठी घट्ट-सैल करायला दिली, तर झाळणीआधी खडा काढून ठेवायला कारागिराला बजावावं. अल्ट्रासोनिक यंत्रात तर ती घालूच देऊ नये. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश तिला पुरेसे आहेत.