कोसंबी, दामोदर धर्मानंद : संशोधन व उद्धरणप्रभाव

कोसंबी, दामोदर धर्मानंद : (३१ जुलै १९०७–२९ जून १९६६). भारतीय गणितज्ञ, सांख्यिकीविद् व इतिहासकार. जन्म गोव्यातील कोसबे येथे. पाली भाषेचे व बौद्ध वाङ्‌मयाचे प्रसिद्ध पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्व्हर्ड विद्यापीठाची पदवी (१९२९) संपादन केल्यावर त्यांनी बनारस व अलीगढ येथे आणि पुढे सु. बारा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केले. १९४५–६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते.

एखाद्या संशोधनलेखाचा आधार नंतरच्या लेखांत नामनिर्देशपूर्वक घेतला जातो, त्यास उद्धरण म्हणतात. १९६४ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी फिलाडेल्फिया येथून विज्ञानविषयक उद्धरणसूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि उद्धरणांची पद्धतशीर मोजणी शक्य झाली. २००५ मध्ये हर्श यांनी सुचविलेल्या निर्देशांकात लेखांची संख्या व त्यांची उद्धरणे यांची सांगड घातलेली आहे : ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे मिळाली, पण अकरा लेखांना प्रत्येकी अकरा मिळाली नाहीत, त्याचा निर्देशांक दहा. तथापि ज्याचे तीनच लेख युगप्रवर्तक ठरले व अन्य लेख उद्धृत झाले नाहीत, त्याचा निर्देशांक तीनच्या वर जाऊ शकत नाही. अशा मोजणीची उपयुक्तता व मर्यादा कोसंबींच्या बहुशाखीय लेखनावरून स्पष्ट होतात.

आनुवंशिकीतील त्यांचा १९४४ चा लेख अवघ्या चार पृष्ठांचा आहे. गुणसूत्रावरील दोन जीनांमधील अंतर प्रत्यक्ष मोजता येत नाही. संततीत आढळणाऱ्या पुनर्संयोजनाच्या प्रमाणावरून ते काढावे लागते. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात गुणसूत्रखंडांच्या अदलाबदली परस्परांपासून स्वतंत्र मानल्या होत्या. वस्तुतः एका ठिकाणची अदलाबदल जवळच्या दुसऱ्या अदलाबदलीस काही अंशी अडथळा करते. कोसंबींनी हा परिणाम हिशेबात घेतला. पुनर्संयोजनाचे प्रमाण २० टक्के असता हॉल्डेन सूत्राने अंतर सु. २५·५ सेंटिमॉर्गन, तर कोसंबी सूत्राने सु. २१·२ सेंटिमॉर्गन येते. ज्वारी, तूर, हरभरा इ. पिकांचे आनुवंशिक नकाशे तयार करताना हे सूत्र आजही वापरतात. मात्र ते संगणकीय कार्यक्रमांत अंतर्भूत असल्याने अनेकदा सूत्राचे केवळ नाव दिले जाते, मूळ लेखाचा निर्देश होत नाही. ज्ञान सर्वसामान्य झाले की त्याच्या उगमाचा उल्लेख लोपतो, या प्रक्रियेकडे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी लक्ष वेधले होते.

सांख्यिकीत याच्या उलट घडले. यादृच्छिक फलनाचे परस्परलंब घटकांत विघटन करण्याची पद्धत कोसंबींनी १९४३ मध्ये भारतीय गणितीय संस्थेच्या नियतकालिकात मांडली. कारहुनेन व लोएव्ह यांनी ती त्यानंतरच्या काही वर्षांत स्वतंत्रपणे विकसित केली आणि तिला त्यांचीच नावे मिळाली. प्रतिमासंक्षेपण, द्रवांच्या संक्षुब्ध प्रवाहाचे विश्लेषण इत्यादींत तिचा विस्तृत उपयोग होतो. परंतु त्या उपयोगाचे श्रेय दीर्घकाळ कोसंबींच्या खात्यावर जमा झाले नाही. अलीकडे काही लेखक तिन्ही नावे जोडतात. भूमितीत मात्र त्यांच्या १९३३ च्या लेखापासून विकसित झालेला सिद्धांत कोसंबी–कार्तां–चर्न या नावाने ओळखला जातो.

मानव्यविद्यांत प्रभावाचे स्वरूप निराळे आहे. चलनातील झिजेमुळे नाण्यांचे वजन घटते, या तत्त्वावर त्यांनी आहत नाण्यांच्या कालक्रमाचा सांख्यिकीय अभ्यास केला. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये निघाली. अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी (१९५६) या ग्रंथाने राजवंशांऐवजी उत्पादनसाधने व समाजसंबंध यांना केंद्रस्थान दिले. त्यावर आजही वाद होतात. प्रामुख्याने नियतकालिकांवर आधारलेल्या सूचीत अशा ग्रंथांच्या प्रभावाची पुरेशी नोंद होत नाही.

उद्धरण म्हणजे मान्यता नव्हे. रीमान गृहीतकासंबंधी कोसंबींनी १९५९ मध्ये कृषिसांख्यिकीच्या नियतकालिकात केलेले प्रतिपादन गणितज्ञांनी स्वीकारले नाही. त्या लेखाचे उल्लेख बहुधा त्यातील दोषांच्या संदर्भात येतात. उलटपक्षी, १९३१ मधील एका लेखात त्यांनी विनोदाने बूर्बाकी या अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार दिला होता. फ्रेंच गणितज्ञांच्या गटाने हे नाव धारण करण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

सारांश, उद्धरणसंख्येवरून लेखाचा निर्देश किती वेळा झाला एवढेच कळते. तो कशासाठी झाला, किंवा उपयोग होऊनही का झाला नाही, हे कळत नाही. शिवाय शाखाशाखांतील लेखनाचा वेग व उद्धरणाच्या प्रथा भिन्न असल्याने गणितातील व आनुवंशिकीतील आकडे एकत्र मिळविणे सयुक्तिक ठरत नाही. नियुक्ती, बढती व अनुदान यांचे निर्णय अशा आकड्यांवर सोपविताना प्रत्येक शाखेतील जाणकाराने मूळ लेख वाचणे म्हणूनच अनिवार्य ठरते.