नाताळची सुट्टी : घर एक, मते अनेक

वर्षभर विखुरलेले कुटुंब नाताळला एकत्र येते, आणि श्रद्धेविषयीची ज्याची त्याची मतेही त्याच्या सामानाबरोबर घरी येतात. सणाचा आनंद न घालवता ती सांभाळायची कशी?

डिसेंबरची 23 तारीख, संध्याकाळचे सात. वसईतल्या एका घराच्या ओटीवर कागदी तारा टांगून झाला आहे. कोपऱ्यात मुलांनी गव्हाणीचा देखावा मांडला आहे. गवत पसरले आहे, मेंढरे उभी आहेत. पण बाळ येशूची मूर्ती अजून कपाटातच आहे, कारण ती 24 च्या रात्री ठेवायची असते. आतल्या खोलीत आजी जपमाळ हातात घेऊन सगळ्यांची वाट पाहत बसली आहे. आईचे हात कुलकुलाच्या पिठात माखले आहेत. पुण्याहून सुट्टीसाठी आलेला नातू मात्र जागचा हलत नाही.

"आजी, तू म्हण ना. मला त्यात काही वाटत नाही, मग उगाच कशाला बसू?"

आजी गप्प राहते. वडिलांचा आवाज मात्र चढतो, "या घरात राहायचं असेल तर..." वाक्य अर्धेच राहते, कारण तेवढ्यात मोठी सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते. ती हिंदू घरातली. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच नाताळ. आजीजवळ जाऊन बसावे, की सासूच्या मदतीला जावे, की काही ऐकलेच नाही असे दाखवावे, हे तिला उमगत नाही.

हे चित्र एखाद्या घरातले नव्हे. थोड्याफार फरकाने ते अहिल्यानगरच्या मराठी ख्रिस्ती घरात दिसेल, मडगावात दिसेल आणि कोट्टायमलाही दिसेल. गणपतीच्या आरतीला मुलगा उठत नाही म्हणून ज्या घरात कुरबुर होते, त्या घराला तर यात नवे काहीच वाटणार नाही.

याच दिवसांत वाद का?

2011 च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे 2 कोटी 78 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 2.3 टक्के होती. महाराष्ट्रात ते प्रमाण जेमतेम एक टक्का, तर गोव्यात सुमारे पंचवीस टक्के होते. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सिरियन अशा अनेक परंपरा यात आहेत. प्रत्येकीच्या चालीरीती वेगळ्या. पण डिसेंबर महिना सगळ्यांचाच गजबजलेला.

'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जन्माशी जोडलेला आहे. सणाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, मनाच्या तयारीचे मानले जातात. केरळातील अनेक सिरियन ख्रिस्ती घरांत 1 डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांस-मासळी वर्ज्य असते आणि हा उपवास नाताळच्या दिवशी सुटतो. सण 25 तारखेला संपतही नाही. तो 6 जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. त्या दिवशी गोव्यात कासावलीच्या परिसरात तीन मुलगे राजांच्या पोशाखात घोड्यांवरून टेकडीवरच्या चॅपलकडे जातात, तेव्हा ते पाहायला गावेच्या गावे लोटतात.

इतक्या दिवसांच्या या धामधुमीत श्रद्धा ही एकट्याची बाब राहत नाही. वर्षभर रविवारी देवळात कोण आले आणि कोण नाही, याकडे फारसे कोणी पाहत नाही. 24 च्या रात्री मात्र सारा गाव एकत्र जमलेला असतो आणि शेजारीण हटकून विचारते, "धाकटा कुठं दिसला नाही?" आईवडिलांना खरे टोचते ते हे. मुलगा देवापासून दूर गेला याचे दुःख असतेच. पण चार लोकांना काय सांगायचे, ही काळजी त्याहून आधी उभी राहते. या दोन गोष्टी आईवडिलांनी स्वतःशीच वेगळ्या करून पाहिल्या, तर आवाज चढण्याचे निम्मे प्रसंग टळतील.

आईची मिस्सा स्वयंपाकघरातच?

या वादात ज्या व्यक्तीचे मत कोणी विचारत नाही, ती म्हणजे घरातली गृहिणी. कुलकुल, नेवऱ्या, काजूचे मार्झिपान, गोव्याकडे दोदोल आणि बेबिंका. यांतला एकही पदार्थ झटपट होणारा नाही. कुलकुलाच्या पिठाची एकेक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून वळावी लागते. बेबिंकाचा एक थर भाजला गेल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. दोदोल घट्ट होईपर्यंत सतत ढवळावे लागते. ढवळणाऱ्याच्या हाताला रग लागते. त्यात फराळाची ताटे शेजारीपाजारी पाठवायची, पाहुण्यांचे अंथरूण-पांघरूण बघायचे आणि 24 ला सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री आहे की नाही, हेही पाहायचे.

परिणामी देवळात पोचेपर्यंत ती इतकी थकलेली असते, की प्रवचनात तिचे डोळे मिटू लागतात. ज्या घरात 'प्रार्थनेला सगळ्यांनी बसलंच पाहिजे' असा दंडक असतो, त्याच घरात प्रार्थनेच्या वेळी तिला "गॅस बंद केलास का?" म्हणून उठवले जाते. लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी आला असता मरिया त्याचे ऐकत बसली आणि मार्था कामात गुंतून राहिली. मार्थाने तक्रार केली, तेव्हा येशूने मरियेचीच बाजू घेतली. ही गोष्ट देवळात अनेकदा सांगितली जाते. घरी आल्यावर मात्र मार्थाच्या हातातली कढई कोणी घेत नाही.

पूर्वी कुलकुल वळायला सगळे घर बसत असे. आजी, मुले, शेजारच्या दोन बायका. हात चालत, तोंडे चालत. ती पद्धत मोडली आणि काम एकटीवर आले. ती परत आणणे काही अवघड नाही. श्रद्धेबद्दल घरात मतभेद असतील, पण मैद्याच्या गोळ्या वळण्याबद्दल कोणाचे मतभेद असण्याचे कारण नाही. आणि ज्या मुलाला जपमाळेला बसायचे नसते, तोच मुलगा काम करता करता आपल्या मनातले बोलून जातो, हा अनेक आयांचा अनुभव आहे.

लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

एकाच घरात दोन श्रद्धा नांदण्याची मराठीतली सर्वांत परिचित कहाणी लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कर्मठ ब्राह्मण घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात त्याने उलथापालथ झाली. काही काळ त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे-ओवळे एकदम सोडले नाही. माणसामाणसांतले भेद देवाने केले की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच झगडल्या आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये हा सारा प्रवास त्यांनी रडगाणे न गाता, हसतखेळत सांगितला आहे.

आज परिस्थिती उलट असते. आईवडील श्रद्धाळू असतात आणि मुलगा किंवा मुलगी प्रश्न विचारत असते. पण धडा तोच आहे. श्रद्धा दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे येत नाही आणि दटावून तर मुळीच येत नाही. बळजबरीने जपमाळेला बसवलेला मुलगा ओठ हलवील. मन मात्र आणखी लांब जाईल.

याची दुसरी बाजूही आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलांनाही बरेचदा घाईच असते. "बायबलमध्ये 25 डिसेंबर कुठं लिहिलंय?" असा प्रश्न जेवणाच्या टेबलावर टाकून ती आजीकडे विजयी मुद्रेने पाहतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. शुभवर्तमानात येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही. 25 डिसेंबरला हा सण रोममध्ये साजरा झाल्याची जुनी नोंद इ.स. 336 ची आहे आणि आर्मेनियन चर्च तर आजही 6 जानेवारीला ख्रिस्तजन्म साजरा करते. गव्हाणीचा देखावाही पुढचा. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेचो या गावी तो प्रथम उभा केला असे मानले जाते. हे सगळे मान्य करूनही आजीचे काही बिघडत नाही. तिने कधी तारखेवर विश्वास ठेवलेलाच नसतो. आजारपणात, नवऱ्याच्या मरणात, मुलांच्या परीक्षांत तिला ज्याने धीर दिला, त्याचा जन्म ती साजरा करत असते. इतिहासाचा मुद्दा सांगायला हरकत नाही, पण तो आजीच्या आयुष्यावरचा निकाल म्हणून सांगू नये, एवढी समज मुलांकडून अपेक्षित आहे.

नव्या सुनेने काय करावे?

दोन धर्मांतल्या मुलामुलींची लग्ने आता विरळा राहिलेली नाहीत. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली कोणालाही धर्म न बदलता लग्न करता येते. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही वधू-वरांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालते. कॅथलिक चर्चमध्ये अशा लग्नाला धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करीन, असे वचन कॅथलिक जोडीदाराने द्यायचे असते. दुसऱ्या जोडीदाराला याची कल्पना दिली जाते. मात्र 1970 पासून त्याच्याकडून तसे वचन घेतले जात नाही.

कागदोपत्री सगळे स्पष्ट असले, तरी खरी अडचण पहिल्या नाताळला येते. मिस्सा चालू असताना केव्हा उभे राहायचे, केव्हा गुडघे टेकायचे, हे सुनेला ठाऊक नसते. कम्युनियनसाठी रांग लागते, तेव्हा सगळ्यांच्या मागोमाग तीही उठते आणि मग कुणीतरी तिला हाताला धरून खाली बसवते. सगळ्यांदेखत झालेला तो अपमान ती विसरत नाही. वास्तविक आदल्या दिवशी सासूने किंवा नवऱ्याने पाच मिनिटे जवळ बसून सांगितले असते, की हा प्रसाद बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो, तेव्हा तू जागेवर बसून राहा, त्यात काही कमीपणा नाही, तर ही वेळच आली नसती.

सुनेनेही एक लक्षात ठेवावे. सासरच्या प्रार्थनेत शांत बसणे म्हणजे माहेरचा देव सोडणे नव्हे. तसेच सासरच्यांनीही तिच्या देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे नाताळच्या आठवड्यात जरा जास्तच रोखून पाहू नये. नातवंडांचे काय, हा प्रश्न तर जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर मुळीच काढू नये. तो नवरा-बायकोने लग्नाआधीच, दोघांनी मिळून सोडवायचा असतो.

रिकामी खुर्ची

नाताळच्या दिवसांत प्रत्येक घरात एखादी खुर्ची रिकामी असते. कोणी आखातात असतो, कोणी बोटीवर, कोणी या वर्षी देवाघरी गेलेले. ज्या घरात दुःख झाले आहे, तिथे त्या वर्षी गोडधोड करत नाहीत. शेजारी ताट आणून देतात. ही रीत फार शहाणपणाची आहे. दुःखी घराला सणाची सक्ती होत नाही आणि ते एकटेही पडत नाही.

श्रद्धेबाबतही हेच धोरण ठेवता येईल. ज्याचे मन या वर्षी रिते आहे त्याच्यावर सक्ती नको, पण त्याचे ताट मात्र मांडलेले असावे. त्यासाठी काही गोष्टी सुट्टी सुरू होण्याआधीच ठरवून टाकाव्यात. प्रार्थनेची वेळ ठरलेली आणि आटोपशीर असावी. ज्याला बसायचे नाही त्याने त्या वेळी टीव्ही किंवा मोबाइलचा आवाज करू नये. ज्याला बसायचे आहे त्याने न बसणाऱ्याच्या नावाने मोठ्याने प्रार्थना करू नये! खर्चाचा आकडा नवरा-बायकोने मिळून ठरवावा, म्हणजे जानेवारीत तोंड लपवायची वेळ येत नाही. आणि 24 ला दुपारनंतर स्वयंपाकघर बंद, हा नियम गृहिणीने स्वतःच जाहीर करावा.

वसईतल्या त्या घरात 24 च्या रात्री काय झाले? दुपारी वडिलांनी कुलकुलाचा शेवटचा घाणा स्वतः तळला. थोडा करपला, पण कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी आई तासभर झोपली. रात्री नातू आजीचा हात धरून तिला देवळापर्यंत घेऊन गेला आणि दारातच थांबला.

आजी म्हणाली, "बाहेर थंडी आहे. आत येऊन बस. प्रार्थना कर असं मी म्हणत नाही."

तो आत आला आणि सर्वांत मागच्या बाकावर, वहिनीच्या शेजारी बसला. घरी परतल्यावर आजीने कपाटातून बाळ येशूची मूर्ती काढली. ती गव्हाणीत ठेवायचा मान घरात सर्वांत नव्या आलेल्या माणसाचा, असे तिने त्या रात्री ठरवून टाकले, आणि मूर्ती सुनेच्या हातात दिली.